तान्ह्या बाळांच्या आयांचा कलावर्ग: बोलावणं बाळाच्या नावाने, कागद मात्र आईला

सांगलीच्या एका चित्रकला शिक्षिकेने विचारलंय: "माझं बाळ आता दीड वर्षाचं आहे. बाळंतपणानंतरचे पहिले सहा महिने मला फार एकटं वाटलं. आमच्या सोसायटीचा हॉल दुपारी रिकामाच असतो. तान्ह्या बाळांच्या आयांसाठी तिथे चित्रकलेचा वर्ग सुरू करावा असं मनात आहे, बाळांना घेऊनच यायचं. काय शिकवू? बाळं रडली तर काय? आणि बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवर याने खरंच फरक पडतो, की आपलं उगाच मनाचं समाधान?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर नीट कळलं नाही तर बाकीचं सगळं चुकतं. मी पुण्यात नऊ वर्षं असे वर्ग घेते आहे. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. जी.डी. आर्ट केलेली, शाळेत पंधरा वर्षं खडूने हात पांढरे केलेली बाई आहे.

त्रास खरा आहे आणि थोडाथोडका नाही. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. २७० गरोदर बायकांपासून त्यांनी सुरुवात केली होती. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तर २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणी सहाव्या महिन्यातही बऱ्या झालेल्या नव्हत्या. त्रास वाढवणाऱ्या गोष्टी कुठल्या? पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगी होणं. हे शेवटचं वाचून मला धक्का बसला नव्हता. वर्गात "दुसरीही मुलगीच" हे वाक्य मी इतक्या हळू आवाजात ऐकलंय की शेजारी बसलेलीलाही कळू नये.

आता उपायाचं. लंडनमध्ये एक चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ साली आले. डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स या दोघी संशोधकांनी १३४ आया घेतल्या आणि त्यांचे तीन गट पाडले. एक गट दहा आठवडे बाळांसोबत गाणी म्हणायचा, दुसरा बाळांसोबत खेळ आणि हस्तकला करायचा, तिसऱ्याला नेहमीचीच वैद्यकीय मदत. ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता, त्यांच्यात गाणाऱ्या गटाला लवकर बरं वाटू लागलं, सहाव्या आठवड्यापर्यंतच फरक दिसला. दहा आठवड्यांनी तिन्ही गट सुधारलेले होते. खेळ-हस्तकलेच्या गटात ती घाई काही दिसली नाही. मी चित्रकलेची माणूस, त्यामुळे हे वाचून नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू. मग मुकाट्याने माझ्या वर्गात गाणं आणलं. आता पहिली दहा-पंधरा मिनिटं आम्ही गातो. अंगाई, पाळणा, कुणाला आजीकडून आलेली एखादी ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावांतून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आहेत. बायकांनी एकत्र बसून, हाताला काम देऊन मन मोकळं करायची रीत आपल्याकडे लंडनहून यायची नव्हती. फक्त जातं गेलं आणि त्याबरोबर ती बैठकही गेली.

तेव्हा चित्र काढल्याने नैराश्य बरं होतं असं पत्रकावर कधीही छापू नका. वर्गाने होतं ते एवढंच: आठवड्यातून दीड तास ती घराबाहेर पडते, तिच्यासारख्याच सात जणींना भेटते आणि तिचा हात बाळाच्या कामाव्यतिरिक्त दुसऱ्या कशावर तरी चालतो. पुष्कळ जणींना तेवढं पुरतं. काहींना पुरत नाही, त्यांच्याविषयी पुढे लिहिते.

आता मूळ अडचण. "तुझ्यासाठी चित्रकलेचा वर्ग आहे, चल" असं सांगून बाळंतीण घरातून निघूच शकत नाही. घरचे म्हणतात, आत्ता? हे वय आहे का छंदाचं? आणि तिलाही तसंच वाटतं. "बाळाच्या वाढीसाठी आहे" म्हटलं की सासूबाई स्वतः दुपट्यात गुंडाळून बाळ हातात देतात. म्हणून बोलावणं बाळाच्या नावाने करायचं. पण एकदा दार लोटलं की कागद आईचा. या दोन गोष्टींची गल्लत झाली की वर्ग फसतो, आणि माझा फसला होता.

पहिल्या वर्षी मीही सगळे करतात तेच केलं. बाळांच्या पावलांचे ठसे. लाल रंगात पाऊल बुडवायचं, कार्डावर उमटवायचं, खाली नाव आणि तारीख. शेवटच्या दिवशी भिंतीवर सगळे ठसे ओळीने लावले, घरच्यांना बोलावलं, पेढे वाटले. एकीचं बाळ आठव्या महिन्यात झालेलं होतं, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहून आलेलं. त्याचं पाऊल शेजारच्या कार्डावरच्या पावलाच्या निम्मं. ती त्या भिंतीसमोर उभी राहिली, दोन बोटांनी दोन्ही ठशांची लांबी मोजली, आणि पर्स उचलून निघून गेली. नंतर फोन उचलला नाही. मी केलं काय होतं? आया जमवून बाळांचं वजन-मापाचं प्रदर्शन भरवलं होतं, जे त्यांच्या घरात रोज भरतच असतं. "अजून पालथं पडत नाही?" "बाळसं नाही हो धरलं." त्या दिवसापासून माझ्या वर्गात ठसे नाहीत, प्रदर्शन नाही, आणि बाळांच्या वजनाचा विषय निघाला तर मी सरळ मध्येच तोडते.

मग शिकवायचं काय? मी स्वतःला दोन अटी घालून घेतल्या आहेत. जे करायचं ते एका हाताने करता आलं पाहिजे, आणि कुठल्याही क्षणी सोडून उठता आलं पाहिजे. जलरंग यात बसत नाहीत. रंग वाळतो, बाई पाजत असते, परत येईपर्यंत मजा गेलेली. मातीकाम बसत नाही, कारण हात भरलेले असतात आणि नेमकं तेव्हाच बाळ ओकतं. जाड तेलखडू, ६बी पेन्सिल, खळ लावून चिकटवायचे कापडाचे नि कागदाचे तुकडे, गेरू लावलेल्या जाड कागदावर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने काडीने काढलेल्या रेघा, हे बसतं. कागद मात्र मोठा द्या. ए-फोरवर हात आखडतो. आम्ही जुन्या कॅलेंडरांची मागची बाजू वापरतो, जमिनीला चिकटपट्टीने चिकटवून, म्हणजे दुसऱ्या हाताने धरावा लागत नाही.

पहिल्या भेटीत काय करते ते सविस्तर सांगते, कारण ती भेट जमली की पुढची पाच आपोआप जमतात. पाचवी-सहावीला सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, ती रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते म्हणून. मी तो विषय काढते. बहुतेकींच्या घरी ठेवलेला असतो. एखादी म्हणते, आमच्याकडे वहीच ठेवली होती, जास्त लिहायचं असलं तर. हशा होतो. मग मी प्रत्येकीपुढे कॅलेंडरचा कागद सरकवते. "हा तुमचा. इथे सटवाई यायची नाही. कालची सकाळ ते आजची सकाळ, एका रेघेत काढायची. खडू उचलायचा नाही. झोप म्हणजे सपाट रेघ, बाळ उठलं की टेकाड, रडलं की गिचमीड. बाकी तुम्हाला वाटेल तसं."

यात चित्र येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे "मला शाळेपासून चित्र येत नाही हो" हे वाक्य ओठांवर येऊन परत जातं. पाच मिनिटं कुणी बोलत नाही. नुसता खडूचा आवाज आणि एखाद्या बाळाची उचकी. मग कागद शेजारी-शेजारी ठेवले की दिसतं, सगळ्यांच्या रेघा रात्री दोन ते चारच्या मध्ये गिचमीड झालेल्या असतात. एकदा एक जण म्हणाली, "म्हणजे काल तीन वाजता आपण पाच जणी जाग्या होतो!" दुसरी एक बँकेत अधिकारी आहे, पहिला तासभर तिने तोंड उघडलं नव्हतं. तिने आपल्या रेघेतल्या एका तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथे मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले." खडू उचलायचा नाही असं मी सांगितलं होतं, तिने तिथेच उचलला होता. मी काही बोलले नाही. शेजारची म्हणाली, "मी शॉवर सोडते." बस, एवढंच. यावर मी भाषण केलं असतं तर दोघीही पुढच्या आठवड्याला आल्या नसत्या.

दुसऱ्या भेटीत बाळाचं चित्र, पण कागदाकडे न बघता. नजर बाळाच्या चेहऱ्यावरून फिरवायची, हात आपोआप चालू द्यायचा. तान्ह्या बाळाला वीस-तीस सेंटीमीटरवरचं सगळ्यात बरं दिसतं. मांडीवरच्या बाळापासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो, त्यामुळे तीही बघत असते आणि तेही बघत असतं. चित्रं हास्यास्पद येतात, कान गळ्यात, डोळा कपाळात. पण दहा मिनिटं नुसतं बघायला मिळतं. फोटो नाही काढायचा, नाक पुसायचं नाही, काही मोजायचं नाही. "अगंबाई, याच्या कानामागे एवढी लव आहे?" असं एका चार महिन्यांच्या बाळाच्या आईने विचारलं होतं, जणू बाळ आजच घरी आलंय.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत कापड. प्रत्येकीने स्वतःच्या जुन्या कपड्याचा वीतभर तुकडा आणायचा. बाळाचं दुपटं-टोपडं नाही, नवऱ्याचा शर्ट नाही, स्वतःचा. कॉलेजातली ओढणी येते, ऑफिसचा कुर्ता येतो, आता न बसणारा. एकीने खो-खोच्या संघाची जर्सी कापून आणली होती, पाठीवरचा सात नंबर शाबूत ठेवून. तुकडे जोडून धावदोऱ्याने छोटी गोधडी. इथे दोन्ही हात लागतात आणि सुई असते, म्हणून या दिवशी बाळांना मांडीवर घ्यायला जास्त माणसं हवीत. आणि सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. आठ दिल्या तर आठ परत आल्याशिवाय कुणी सतरंजीवरून उठायचं नाही. एकदा सातच आल्या. पाऊण तास आम्ही लोहचुंबक घेऊन सतरंजी चाळली. सुई माझ्याच पदराला होती.

मांडी द्यायला मी आज्या बोलावते. सोसायटीतल्या, कट्ट्यावर बसणाऱ्या, ज्यांची नातवंडं अमेरिकेत नाहीतर बंगळुरात आहेत. रडणाऱ्या बाळाला घेऊन हॉलभर फिरायला त्यांच्याइतकं आनंदाने कुणी तयार नसतं. अट एकच: "आमच्या वेळी" या शब्दांनी वाक्य सुरू करायचं नाही. जी करेल तिने डब्यात दहा रुपये टाकायचे. सुरुवातीला डबा भरायचा, आता त्या एकमेकींवर लक्ष ठेवतात. गोधडीच्या दिवशी मात्र आयांच्या सासूबाईंना मुद्दाम बोलवा, आणि पाहुणी म्हणून नको, शिकवायला. ज्या बाईला टाका येतो तिच्याकडून सूनही शिकते आणि मीही. घरचं वातावरण एका दुपारीत बदलत नाही, पण पुढच्या वेळी "आज नको जाऊस" म्हणणारं माणूस एकाने कमी होतं.

बाळं रडली तर काय, असं विचारलंत. रडतातच. आठ बाळांपैकी दोन कायम रडत असतात, फक्त कुठली दोन ते बदलत राहतं. पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगून टाका: इथे रडलं तर चालतं, अंगावर पाजलं तर चालतं, शी केली तर चालतं, न काढता नुसतं बसलं तरी चालतं. पुरुष मदतनीस त्या वेळात हॉलमध्ये नको.

जागा तळमजल्यावरची, संडास-बाथरूम जवळ असलेली. बाळंतपणात टाके पडलेली आई जिने चढत नाही. सतरंजीवर जुन्या सुती साड्या पसरा. प्लास्टिक घालू नका, घसरतं आणि बाळाच्या गालाला चिकटतं. पंख्याचा वाद होणार हे धरून चाला. निम्म्या जणी कान बांधून येतात, निम्म्या घामाने निथळतात. मी कडेचा पंखा लावते आणि बसायची जागा ज्याची त्याला निवडू देते. वेळ साडेतीन ते पाच. सकाळ मालिश, अंघोळ, धुरी यात जाते, आणि दिवेलागणीला बाळ बाहेर नको असं निम्म्या घरांत अजूनही म्हणतात. त्याच्याशी वाद घालत बसू नका, पाचला सोडा. आठ जोड्या पुष्कळ झाल्या. सव्वा महिन्यानंतरची ते रांगायला लागेपर्यंतची बाळं एका गटात घ्या. रांगणारं एक जरी आलं तरी सगळ्यांचे खडू त्याच्या तोंडात जातात.

सामानाचं फार काटेकोर राहा. तुम्ही शाळेत वापरता त्यातलं निम्मं इथे चालत नाही. रांगोळी अजिबात नको, ती दगडाची पूड असते, तिची धूळ छातीत जाते. गुलाल, चमकी, थर्माकोलचे गोळे, मणी, टिकल्या नकोत. कोळशाने रेघ सुंदर येते, पण त्याच हाताने पाजायचं असतं. नैसर्गिक म्हणून हळद वापरायची तर बंद पाकिटातली चांगल्या कंपनीची घ्या. सुट्या हळदीला पिवळा रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट मिसळल्याचे प्रकार झालेले आहेत. कुणी घरगुती रंगात मध घालायला सुचवलं तर नाही म्हणा, वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडात मध जाता कामा नये. आणि चहा शेवटी, दोन पाळ्यांत. चौघी पितात तेव्हा बाकीच्या चौघींकडे आणि आज्यांकडे आठही बाळं. मांडीवर बाळ आणि हातात गरम कप, हे एकदाही होऊ द्यायचं नाही.

मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, एवढा नियम कडक ठेवा. व्हॉट्सॲप गट फक्त वेळ कळवण्यापुरता. एकीने बाळासकट सुंदर चित्र स्टेटसला टाकलं की उरलेल्या सात जणींचा दीड तास वाया जातो. कारण विचारलं तर मी "दृष्ट लागते" म्हणून सांगते. हे कारण कुणी खोडून काढत नाही.

बाबा लोकांचं थोडक्यात. २०१० साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत सुमारे दहा टक्के बाबांनाही नैराश्य येतं असं निघालं. आमच्याकडे ते "मन मोकळं करा" म्हटल्यावर येत नाहीत. रविवारी सकाळी "पाळण्यावर टांगायचं खेळणं बनवू या, काळं-पांढरं, बाळाला नीट दिसेल असं" म्हटलं की येतात, घरून पक्कड घेऊन येतात. तारेला समतोल साधता साधता दोघे-तिघे बोलू लागतात, तेही एकमेकांकडे न बघता. त्यांच्याकडून मी याहून जास्त अपेक्षा ठेवत नाही.

आता ज्यांना वर्ग पुरत नाही त्यांच्याविषयी. पहिल्या दोन आठवड्यांतली रडारड बहुतेकींना होते आणि ओसरते. त्यानंतरही बाळ झोपलेलं असताना झोप लागत नाही, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, "माझ्याशिवाय याचं बरं होईल" अशी भाषा येते, तर ते चित्राने सुटणारं नाही. वर्ग सुरू करायच्या आधीच एका मानसोपचारतज्ज्ञाला भेटून ठेवा, "पाठवलं तर बघाल का" एवढं विचारा. तुमच्या भागातल्या आशाताईंची ओळख करून घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो मी प्रत्येकीच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतः लिहून देते, सगळ्यांच्याच, म्हणजे कुणाला आपल्याकडे बोट दाखवलंय असं वाटत नाही. आणि एखादी अचानक असंबद्ध बोलायला लागली, दोन-तीन रात्री झोपलीच नाही तरी उत्साहात आहे, कुणी बाळ बदललंय, बाळात काही शिरलंय असं म्हणू लागली, तर उद्या बघू नाही. त्याच दिवशी घरच्यांना घेऊन दवाखाना. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. नऊ वर्षांत माझ्याकडे हे एकदा झालं. घरचे देवर्षीकडे न्यायला निघाले होते. मी म्हटलं, न्या, पण आधी वाटेत दवाखाना आहे. ती आता बरी आहे.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिंबरा स्केल म्हणून दहा प्रश्नांची एक यादी असते, १९८७ पासून वापरात आहे. कुणीतरी तुम्हाला ती वर्गात भरून घ्यायला सांगेल. घेऊ नका. फॉर्म आला की ती बैठक ओपीडी होते, आणि शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करायचा विचार येतो का याला, कुणी "हो" लिहिलं तर त्याचं काय करायचं हे आपल्याला शिकवलेलं नाही.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण उद्या विचाराल. आठ जोड्या, सहा आठवडे, हॉल फुकट असेल तर चहासकट तीन-साडेतीन हजारांत भागतं. मी प्रत्येकीकडून एका भेटीचे पन्नास रुपये घेते. पूर्वी फुकट होतं तेव्हा घरचे म्हणायचे, आज नाही गेलीस तर काय बिघडलं. पैसे भरले की पाठवतात. ज्यांना जड जातं त्यांचे आज्यांच्या डब्यातून जातात.

एक गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुलगी सासरी जाते. सहा भेटींचा वर्ग पुष्कळ जणींचा तिसऱ्या भेटीलाच संपतो, आणि नेमकी सासरी गेल्यावरच ती जास्त एकटी असते. म्हणून प्रत्येक भेट स्वतंत्र ठेवा, "मागच्या वेळचं पुढे" असं काही ठेवू नका. आणि पहिल्याच दिवशी तिला जाड पानांची वही आणि दोन तेलखडू देऊन टाका, ते तिच्या बॅगेत जातात.

माझ्याकडून अशा अर्धवट वह्या घेऊन गेलेल्या दोघी सध्या सांगली-मिरजेत आहेत. एकीने मागे फोन करून विचारलं होतं, इकडे असं कुणी घेतं का. दिवाळीनंतर सुरू करताय ना? पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, कुणी घराबाहेर पडत नाही. तारीख ठरली की कळवा, मी त्यांना सांगते. हॉल तळमजल्यावरचाच आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.